चाळीस पानं उपाशी

घेवडा रात्रीच भिजत घातला होता,
बेसोला मात्र पुलावर उभा करून झोपले.
तीन आठवडे झाले, तो तिथेच आहे,
कुताइसीच्या पांढऱ्या पुलावर, कॉलर वर करून.
खाली रिओनी दगडांशी हुज्जत घालतेय
आणि मला ठाऊक नाही
पलीकडे जाऊन हा बहिणीला काय सांगणार.

सहाला उठते. वाझा घोरतोय.
डोळ्यांत थेंब. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवसातून तीनदा,
आणि रोज अर्धा तास चालायचं,
आणि रात्री लिहिणं बंद.
मी मान डोलावली, संपादकापुढे डोलावते तशीच.
थेंब पडले की दोन मिनिटं सगळं धूसर होतं,
खिडकी, शेगडी, काल न घासलेलं पातेलं.
त्या दोन मिनिटांत मला बेसो नीट दिसतो.
मग डोळे निवळतात
आणि पातेलं दिसतं.

मातीच्या मडक्यात घेवडा, तमालपत्र, मंद आच.
एक वाक्य.
अक्रोड कुटायला घेते, लसूण, निळी मेथी, जरा मीठ.
मीठ घातलं का?
दुसरं वाक्य. खोडलं.
वाझाच्या कामाच्या शर्टाला बटण.
दुसरं वाक्य पुन्हा, आता उलटीकडून.

पाहुणे आले की कुणीतरी गोड हसून म्हणतंच,
स्वयंपाक काय नि लेखन काय, सारखंच की.
नाही हो, सारखं नाही.
घेवड्याचा दाणा दोन बोटांत दाबला की कळतं, झाला.
वाक्य दाबून बघा.
मी अकरा वर्षं दाबतेय.

"मझेविनार! लागलंय बघ तुझं!"
समोरच्या गच्चीतून त्सियाला, हातात ओली चादर.
माझ्या घरात काय करपलं
ते तिला नेहमी माझ्याआधी कळतं.
धावले. वरचा घेवडा दुसऱ्या भांड्यात काढला, हळूच,
तळ न खरवडता,
आणि मडक्यात पाणी ओतून तशीच उभी राहिले,
हातात मक्याच्या भाकरीचा शिळा तुकडा.
तो खाताना लक्षात आलं,
सकाळपासून पोटात फक्त कॉफी आहे.
आणि बेसोच्या?

पिठाच्या हातांनी वही उलटी चाळत गेले.
बापाचं घड्याळ विकलंय त्याने. मेव्हण्याशी भांडलाय.
स्टेशनवर रडलाय, दीड पान, चांगलं रडलाय.
एका बाईला खोटं पत्रही लिहून झालंय.
पण चाळीस पानांत त्याने
घोटभर पाणी नाही प्यायलेलं.
अगं बाई.
पोराला उपाशी ठेवून
मी त्याच्याकडून शेवट मागतेय.

मग पुलाच्या टोकाला एक म्हातारी बसवली,
टोपलीत गरम पाव, वर फडकं.
ती पैसे मोजेपर्यंत
बेसोने अर्धा पाव संपवला होता,
आणि तोंड भरलेलं असतानाच तो चालू लागला.
मी नाही चालवला.
बहिणीने दार उघडलं,
त्याच्या ओठाला लागलेला चुरा बघितला
आणि काही न विचारता आत गेली, ताट घ्यायला.
त्याला काय सांगायचं होतं ते अजून मला माहीत नाही.
जेवू दे आधी.

दुपारी वाझा जेवला. म्हणाला, "अळणी आहे."
मग म्हणाला, "आणि जरा धुरकट."
मग आणखी वाढून घेतलं.
मी त्याच्या समोर बसून जेवले, बसून,
वही दुसऱ्या खोलीत ठेवून.
लोणच्याच्या बरणीचं झाकण त्याने उघडून दिलं.
तो बॉयलरबद्दल काहीतरी सांगत होता
आणि मी निम्मंअधिक ऐकलं.

संध्याकाळी चालायला गेले, सांगितलंय म्हणून.
पाय आपोआप पुलाकडे वळले.
कठड्याला टेकून दोन शाळकरी पोरी सूर्यफुलाच्या बिया सोलत होत्या,
सालं नदीत.
बेसोच्या जागी कुणीच नव्हतं.
थोडं चुकल्यासारखं झालं.

घरी आले तर मडकं अजून भिजतच होतं.
घासलं. तळाचा काळा डाग काही गेला नाही.
तिसरे थेंब राहिलेच.